बिनलसणाचा डबा

ये गं, अशी जवळ सरक. लांबून बोलायची मला सवय नाही, आणि कागदावरसुद्धा मला लांबून बोलता येत नाही. आधी तुझा कान धरू दे. मंगळूरला जाऊन मोठी डॉक्टरीण व्हायला निघालीस, पण फोन करायचा तो सणासुदीला, तोही दवाखान्याच्या जिन्यावरनं, धापा टाकत. "मावशी, मी बरी हाय, तुमी बऱ्या हाय न्हवं? ठेवते हं." ही काय बोलायची रीत झाली? समुद्राच्या कडेला राहून माणूस एवढं कोरडं होतं होय गं? आणि यंदाची फ्लूची सुई घेतलीस का म्हणून विचारलं, की नेमकी तेव्हाच तुझी लाइन खराब होते. मला सगळं कळतं. डोकं अजून शाबूत आहे माझं, आणि त्यात तुझा हात किती, तेच आज सांगायला बसलेय.

तुला यातलं बरंच ठाऊक आहे. पण आणखी कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये मध्ये "व्हय व्हय, माहीत हाय" म्हणू नकोस.

माझं माहेर निपाणीच्या बाजूचं, सासर बेळगावात. शाळा चौथीला सुटली. पुढचं वाचायला मी पुड्यांच्या कागदावरनं शिकले. साखर डब्यात ओतायची आणि कागद उलगडून वाचायचा. अर्धी बातमी एका पुडीत, अर्धी दुसऱ्या दुकानात. लिहायला तर त्याहून उशिरा लागले. म्हणून माझं लिहिणं बोलण्यासारखं आहे, ते गोड मानून घ्यावं.

धंदा म्हणाल तर चटणीचा. आमच्याकडं चटणी म्हणजे घराचं वर्षभराचं तिखट. थंडी सरली की बायका मिरच्या घेऊन येतात. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. मी देठं खुडते, मिरच्या उन्हात घालते, मसाला भाजते, डंकावर म्हणजे कांडायच्या यंत्रावर नेऊन कांडून आणते आणि ज्याचा त्याचा डबा भरून देते. ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक घराची चटणी वेगळी. एका घरात खोबरं सढळ, एका घरात धणे कमी, एका घरी तीळ जरा करपलेलेच पाहिजेत. एका म्हातारीला दगडफूल अजिबात नको, का, तर तिच्या सासूला ते आवडायचं! अशी कितीतरी घरं माझ्या डोक्यात. डबा नुसता हातात घेतला की त्या घराचं प्रमाण आपोआप बोटांत उतरायचं. कुठं लिहून ठेवायची कधी गरजच पडली नाही.

आता आजाराचं. मुलगा शाळेत असताना एकदा सकाळी उठले तर डाव्या डोळ्यासमोर धुरकट. चुलीचा धूर म्हणावा तर घरात गॅस. मग पाय जड व्हायला लागला. बरेच दवाखाने झाले आणि शेवटी नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. सगळे त्याला एमएस म्हणतात, आणि मीही तेवढंच म्हणते. सबंध नाव घेईपर्यंत चटणी करपेल. डॉक्टरांनी सांगितलं, विजेच्या वायरीला जसं वेष्टण असतं तसं आपल्या नसांना असतं. अंगातले राखणदारच चुकून त्या वेष्टणाला चोर समजतात आणि कुरतडतात. मग निरोप वेळेवर पोचत नाही. पाय उचलायचा म्हटलं तर पाय म्हणतो, काय म्हणालात?

मी काठी घेतली. काठीचं मला काही वाटलं नाही. गोळ्या चालू होत्या, चटणीही चालू होती. मनात देवाला एवढंच सांगितलेलं, पाय घे हवा तर, पण डोक्यातली घरं तेवढी घेऊ नकोस.

तुम्ही दोघी वरच्या खोलीत राहायला आलात ते याच्या बऱ्याच नंतर. मेडिकलच्या पोरी म्हटल्यावर आमच्या मालकांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, भाड्याचं फार ताणलं नाही. म्हणाले, "घरात दोन डॉक्टरणी फुकट." तू सदलग्याची, ती लोंढ्याची. मी तुम्हाला गावाच्याच नावानं हाका मारायची. "ए सदलगा, खाली ये गं, दूध उतू जातंय!" "ए लोंढा, किती वेळ न्हातीस?" शेजारीण एकदा म्हणाली, तुमच्या घरात रेल्वेचं टाइमटेबल वाचल्यागत वाटतंय. तर सदलग्याला कुठं रेल्वे आहे, सांगा!

तुझ्या घरात कांदा-लसूण चौकटीच्या आत येत नाही. म्हणून आमटीला फोडणी द्यायच्या आधी तुझ्यापुरती मी वेगळी काढायची. दुसऱ्या वर्षी तुझी आई तुला भेटायला आली, माझ्या हातची भाजी खाल्ली आणि म्हणाली, "आक्का, आता आमचीबी चटणी तुमच्याकडंच." त्या दिवसापासून सदलग्याचा पितळी डबा माझ्या फळीवर आला. त्यात लसूण नाही, कांदा नाही, तीळ जास्त. हे प्रमाण मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

तेच चुकलं.

तुमच्या शेवटच्या वर्षाच्या आदल्या उन्हाळ्यात तुझे वडील डबा घेऊन गेले. चार-आठ दिवसांनी तुझ्या आईचा तुला फोन आला. तू मला काही बोलली नाहीस. दोन दिवस तू नुसती माझ्या मागं मागं. मी कणीक मळते तर तू बघतेस, मी कुणाशी फोनवर बोलते तर तू ऐकतेस. मला वाटलं पोरीचं लग्नबिग्न ठरतंय आणि सांगायला लाजतेय.

मग दुपारी तू कागद घेऊन स्वयंपाकघरात आलीस.

"मावशी, माझं प्रॅक्टिकल हाय. एक तपासणी शिकायची हाय. कुणावर तरी सराव करायला पायजे. बसा की जरा."

"लोंढ्याच्या डोक्यावर कर."

"तिचं डोकं वाचून वाचून बिघडलंय. त्याचा निकाल काय खरा यायचा?"

वरनं आवाज आला, "ऐकू येतंय मला!"

बसले. कागदावर वर एक ओळ, गोल, फुली, उलटी चंद्रकोर, असली चिन्हं आणि प्रत्येकाखाली एक आकडा. खाली नुसती चिन्हं, ओळीच्या ओळी. चिन्ह बघायचं, वर त्याचा आकडा शोधायचा आणि बोलायचा. दीड मिनिट. तू मोबाइलवर वेळ लावलास. मला हसू आलं, म्हटलं, हे तर बालवाडीतलं. पहिली ओळ झरझर गेली. दुसऱ्या ओळीत मी वर बघितलं, आकडा धरला, खाली येईपर्यंत सुटला. परत वर. परत सुटला. विहिरीतनं घागर वर यावी आणि काठाला येताना कलंडावी, तसं. नंतर तू काही साधे शब्द वाचलेस, खिडकी, ऊस, घंटा, असलेच, आणि म्हणालीस, आठवतील तेवढे सांगा. मला खिडकी आठवली. ऊस आठवला. बाकीचे तोंडाशी येऊन उभे राहिले, आत कुणी येईना.

"किती आले?"

"चांगले आले."

"म्हणजे पास का?"

"ह्यात पास-नापास नसतंय, मावशी."

पास झालेल्याला असं कुणी सांगत नाही, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू कागदाची घडी घातलीस, उलगडलीस, परत घातलीस. मग हळूच म्हणालीस, "मावशी, आईचा फोन आलता. ह्या बारीच्या चटणीत लसूण हाय म्हणत्या."

तुझ्या घरात लसूण! मी काहीबाही बोलायला लागले, मिरची चांगली नव्हती, डंकावर गर्दी होती, दुसऱ्या कुणाचा डबा गेला असेल. तू माझा हात धरलास. "आई चिडल्या न्हाईत. डबा शेतावरच्या माणसांना दिला, त्यांनी बोटं चाटून खाल्ली. पण मावशी, तुमी माझ्या आमटीत चुकूनसुद्धा कधी लसूण पडू दिला न्हाय. तुमी विसरणाऱ्यातल्या न्हाय. म्हणून मी ही तपासणी केली. प्रॅक्टिकल-बिक्टिकल काय न्हवतं."

मालक दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "वय झालं की होतंय असं. मी चष्मा डोक्यावर ठेवून शोधतोय न्हवं?"

तू म्हणालीस, "आप्पा, चष्मा विसरणं वेगळं. एमएसमध्ये पाय मंद होतो तसं डोकंबी मंद होऊ शकतंय. पाय दिसतो, हे दिसत न्हाय. विचारल्याशिवाय कळत न्हाय."

मालक वातावरण हलकं करायला म्हणाले, "हिचं डोकं मंद झालं तर तोंडबी जरा मंद होईल का, ते बघ." मी काठी उगारली. पण नंतर बघितलं तर माणूस मोरीत जाऊन उगीचच तोंड धूत होता.

तुझ्याच हट्टानं मी नसांच्या डॉक्टरांकडं वेळेआधी गेले. तू बरोबर. डॉक्टर कन्नडवाले, "बर्री अक्का, कुंडरी" म्हणत खुर्ची पुढं करणारे. मराठीही छान बोलतात. त्यांनी त्यांच्या माणसाकडून तीच तपासणी परत नीट करून घेतली, मेंदूचा फोटो काढला. नवे डाग निघाले. म्हणाले, "पाय तसाच आहे म्हणून आपण निवांत होतो. आत आग चालू आहे. जुनी गोळी पुरत नाही, आता जास्त ताकदीचं औषध सुरू करू, सहा महिन्यांतनं एकदा सलाइनमधनं. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण आहे ते राखायचं असेल तर उशीर नको." खर्चाची काळजी मुलाच्या कंपनीच्या विम्यानं घेतली, तेवढं बरं.

उशीर नको, हे त्यांनी म्हटलं आणि लगेच उशिराची गोष्ट निघाली. हे औषध अंगातल्या राखणदारांना झोपवतं. म्हणून ते जागे आहेत तोवर लागतील त्या लसी आधी घ्यायच्या. डॉक्टरांच्या हाताखालच्या मुलानं भराभर विचारलं. टीबी? न्हाय. कावीळ? न्हाय. कांजिण्या? मी म्हटलं, "न्हाय बाबा, असला रोग मला कधी झाला न्हाय." तू तेव्हा बाहेर औषधाच्या खिडकीशी होतीस.

डॉक्टर म्हणाले, मग आधी कांजिण्यांची लस. ती जिवंत लस असते, औषध चालू झाल्यावर देता येत नाही. दोन सुया, मध्ये महिना, नंतर परत थांबायचं आणि मग औषध. सोमवारी पहिली सुई घ्यायला या.

रिक्षात मी मनातल्या मनात घरं मोजत होते. करपलेल्या तिळाचं घर आठवलं. दगडफुलाची म्हातारी आठवली. कॅम्पातल्या एका घराचं काय ते आठवेना. डबा डोळ्यासमोर, झाकण डोळ्यासमोर, आत काय भरायचं ते कोरं. एवढे आठवडे नुसतं थांबायचं, आणि तोवर रोज एकेक घर असं कोरं होत जाणार, ही भीती मनात बसली. तुला मी काहीच सांगितलं नाही.

त्या संध्याकाळचं भांडण तुला आठवतं का? कॉलेजात तुम्हाला लसींवर प्रश्न घातले होते. एमएसच्या माणसाला कोणती चालते, कोणती नाही, असले. दोघींनी उत्तरं लिहिली होती आणि दोघींची चुकली होती. लोंढ्यानं लिहिलं, अशा माणसाला कुठलीच लस नको, आधीच राखणदार पिसाळलेत, त्यांना आणखी डिवचायचं कशाला. तू लिहिलंस, सगळ्या चालतात. जेवताना एकमेकींना टोमणे चालले होते.

"तुझ्या हिशेबानं मावशींना काचेच्या कपाटात ठेवायला पायजे."

"आणि तुझ्या हिशेबानं त्यांना सुयांची उशी करायला पायजे!"

मी म्हटलं, "माझ्याच अंगावरनं भांडताय, तर निदान मला कळेल असं भांडा."

मग तुम्ही पुस्तकं आणलीत, ताटं बाजूला सारलीत आणि वाचून सांगायला लागलात. काही लसी मेलेल्या जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या, त्या एमएसच्या माणसाला चालतात, घ्याव्याच. काही जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या, त्या हे असलं औषध चालू असताना नकोत. मी ऐकलं आणि म्हटलं, "म्हणजे भाजलेले धणे आणि पेरायचे धणे."

"काय?"

"भाजलेल्या धण्याला वास तोच, पण तो रुजत न्हाय. वासावरनं राखणदार ओळखून ठेवतात, बास. कच्चा धणा मातीत पडला तर रुजतोय. रान राखायला माणूस असला तर उपटून टाकील, राखणदार झोपलेला असला तर माजंल."

लोंढा हात तोंडाशी धरून बघतच राहिली. मग म्हणाली, "मावशी, तोंडी परीक्षेत हे सांगितलं तर चालंल का?" तू म्हणालीस, "मास्तर तुला धणे आणायला पाठवतील." आणि मला म्हणालीस, "पण मावशी, ती लस कच्च्या धण्याएवढी रुजणारी नसते हं. अर्धवट भाजलेली म्हणा." बरं बाई, अर्धवट भाजलेली.

त्याच जेवणात मी विचारलं, "तुमी दोघींनी तुमच्या सुया घेतल्या न्हवं? रोज रोग्यांत वावरता." लोंढा म्हणाली, सगळ्या झाल्या. तू पाणी प्यायला लागलीस. एवढी तहान मी कधी बघितली नव्हती. काविळीची तिसरी सुई राहिली होती तुझी, पहिल्या वर्षापासनं! दुसऱ्याला टोचायला निघालेली पोरगी स्वतःची सुई चुकवते, म्हणजे हलवायानं उपाशी राहावं तसं. मी ताट उचलू दिलं नाही, उद्या जाऊन घेईन म्हणून कबूल करून घेतलं. तेव्हापासनं तुझी लाइन खराब व्हायची सुरुवात झाली.

मग लोंढ्यानं विचारलं, "मावशी, तुमाला कुठल्या सुया सांगितल्या?" मी कांजिण्यांचं सांगितलं. दोन सुया, मध्ये महिना, मग आणखी थांबायचं. लोंढा म्हणाली, बरोबर हाय, पुस्तकात असंच हाय. कांजिण्या झाल्या नसतील तर द्यायलाच पायजे.

तू मात्र चमचा खाली ठेवलास. "मावशी, निपाणीकडच्या खेड्यात वाढून तुमाला कांजिण्या झाल्या न्हाईत?"

"न्हाय गं."

"अंगावर पाण्याचे फोड?"

माझी जीभ वळेना. त्याला आमच्याकडं असं म्हणत नाहीत.

मग तुझा आवाजच बदलला, गल्लीतल्या म्हाताऱ्या बोलतात तसा झाला. "मावशी, लहानपणी तुमाला लिंबाच्या पाल्यावर निजवलंतं का?"

"व्हय की!" मी म्हटलं. "आई आल्यात्या माझ्याकडं. पाचवं-सहावं वर्ष असंल. घरात फोडणी बंद, तळण बंद, दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या. माझ्यापायी भावाला आळणी खायला लागायचं म्हणून तो पाल्यातनं मला खडे मारायचा. मग लिंबाच्या पाण्यानं आंघोळ, मरगूबाईच्या देवळात दहीभात, आणि आईंची पाठवणी."

लोंढ्यानं कपाळाला हात लावला. "अहो मावशी! मग डॉक्टरांना न्हाय का म्हटलासा?"

"त्यांनी रोग विचारला. आई काय रोग हाय होय? त्या पाहुण्या आलत्या. त्यांचं नाव असं घेतात का कुठं?"

यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. माझ्या आईनं मला शिकवलेलं, अंगावर आई आल्या की बोट दाखवायचं नाही, नाव घ्यायचं नाही, "आल्यात" एवढंच म्हणायचं आणि मान राखायचा. दवाखान्यातल्या पोरानं रोगांच्या रांगेत त्यांना उभं केल्यावर मी त्या रांगेत त्यांना ओळखणार कशी? आणि तुझ्या घरात ही रीत पाळतात का नाही, ते मला ठाऊक नाही. पण सदलग्याच्या गल्लीत तू वाढलीस, कुणाच्या दाराला डहाळ्या लागल्या की तुला आत जाऊ देत नव्हते, तेवढं तुझ्या ध्यानात होतं. कुठल्या प्रश्नाला कुठलं दार, हे तुला माहीत होतं. त्या एका प्रश्नाचे उपकार मी जन्मभर मानेन.

सकाळी आपण तिघी डॉक्टरांकडं. तू त्यांना सगळं सांगितलंस, लिंबाच्या पाल्यासकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या अज्जीच्या तोंडीही 'अम्मा'च असायचं. मला सुचायला हवं होतं. रक्त तपासू, म्हणजे शंका नको." रक्तात निघालं. माझ्या राखणदारांना ती पाहुणी पक्की आठवत होती. इतकी वर्षं झाली, माझं डोकं घरं विसरायला लागलं, पण रक्त विसरलं नव्हतं. मला त्या दिवशी कुणी साखर दिली असती तर मी पोतं वाटलं असतं.

मग कच्च्या धण्याची गरजच राहिली नाही. न्यूमोनियाची आणि फ्लूची सुई घेतली, दोन्ही भाजलेल्या. डॉक्टर म्हणाले, ज्याला हे होऊन गेलंय त्याला पुढं नागीण उठू शकते, म्हणून तिचीही लस घ्या, ती जिवंत नसते. डंकावर एक बाई म्हणाली, "एवढ्या सुया टोचून घेऊन आणखी आजारी पडशील." लोंढा पिशवी धरायला आलेली, ती तिथंच उभी राहून मिरचीच्या खकाण्यात शिंकत शिंकत तिला धण्यांचं समजावत होती. शेवटी ती बाई म्हणाली, "बरं गं माझे आई, मीबी घेते, पण तू आधी शिंकायची थांब."

थोडे दिवस थांबून सलाइन लागलं. तू एका बाजूला, मालक दुसऱ्या बाजूला. मालक सारखे बाटलीकडं बघत होते, जणू त्यांनी नजर काढली की थेंब थांबेल.

आता डोक्याचं. औषधानं गेलेलं परत आलं असं मी खोटं सांगणार नाही. पुढच्या तपासणीला मी लबाडी करायचं ठरवलं होतं. जुन्या कागदावरची चिन्हं आकड्यांसकट पाठ करून गेले, वर भिजवलेले बदाम. बसले आणि बघते तर चिन्हंच दुसरी! लोंढा खदखदून हसली, "मावशी, पेपर फुटू नये म्हणून बदलतोय आमी." निकाल लागला, आहे तिथंच. डॉक्टर म्हणाले, "आहे तिथंच, म्हणजे फार चांगलं." मी पास-नापास विचारलंच नाही.

आणि तुम्ही दोघींनी घालून दिलेले नियम मी पाळते. एका दिवशी एकच घर. रेडिओ बंद. मसाला मिसळताना बोलायचं नाही. गं बाई, पाय गेला तेव्हा एवढा त्रास झाला नाही, पण न बोलता चटणी! मालकांना तर एवढं सुख झालंय की ते रोज विचारतात, आज कुणाचं घर हाय? दुपारी थकवा आला की पडायचं, लाजायचं नाही, हेही शिकले. एक-दोन घरांचं प्रमाण गेलं ते गेलंच. त्या बायकांना सरळ विचारलं, त्यांनी सांगितलं, कुणाचं काही अडलं नाही. कॅम्पातलं ते घर, आठवतंय? त्यांना मेथी लागते, भाजलेली, नखभर. विचारून घेतलं, आता पक्कं बसलंय. बाकीची घरं जागेवर आहेत. पितळी डबा हातात घेतला की सदलगा बोटांत उतरतं.

लोंढ्यानं इथल्याच दवाखान्यात नोकरी धरली आहे, येताजाता डोकावते, चहा पिते, माझा हात दाबून बघते आणि फ्लूच्या सुईची आठवण करते. पण तिला लसूण चालतो, गं. तिच्या जिभेवर माझी खात्री कशी व्हायची?

यंदा सगळ्यांत पहिला दिवस मी तुझ्या घराला दिला. दार लावून घेतलं, तोंड मिटलं. तीळ जास्त, खोबरं बेतानं, कांदा नाही. लसणाची टोपलीच त्या दिवशी शेजारणीकडं नेऊन ठेवली. डबा भरला, झाकण लावलं, फळीवर ठेवलाय. तुझे वडील मागच्या बाजारी आले होते, डबा मागितला. मी दिला नाही. म्हटलं, तो पोरीच्या हातानंच जाईल.

तेव्हा ये. सुट्टी मिळत नाही म्हणू नकोस, मिळत नसते, काढायची असते. येताना चिन्हांचा नवा कागद आण, मी न चोरता बसेन. आधी झाकण उघड, बोट लाव आणि जिभेवर ठेवून सांग, बरोबर आहे का. डबा फार दिवस तसाच राहिला तर वास उडतो, म्हणून लवकर ये गं.